तारीखबाई आणि माझी किरकोळ सही

माझ्या रोजच्या वहीत गेली अकरा वर्षं प्रत्येक पानाच्या डोक्यावर दोन तारखा असतात. डावीकडची आजची. उजवीकडची जॅमची.

घर सांभाळणाऱ्या बाईला वार कळतो, तारीख कळत नाही. कचऱ्याची गाडी आली की मंगळवार, दोरीवर यांचे मोजे दिसले नाहीत की रविवार. तारीख मात्र मी वन्संना विचारते. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. कोणी खोदून विचारलंच तर म्हणतात, "स्थळं आली होती, पण सगळ्यांची मुदत संपलेली."

एकतीस वर्षं त्या जॅमच्या कारखान्यात आहेत. फळं सोलणं, शिजवणं, भरणं, झाकणं लावणं सगळं संपलं की बरण्या शेवटच्या टेबलावर येतात. तिथे वन्सं. त्यांच्या यंत्राला पितळी आकड्यांची सहा चाकं आहेत. सकाळी आल्या आल्या त्या केसातली पिन काढतात, तिच्या टोकाने एकेक चाक फिरवतात आणि दीड वर्षानंतरची, मुदत संपण्याची तारीख लावतात. तारखेच्या शेवटी सातचा आकडा, तो त्यांचा स्वतःचा. म्हणजे हा शिक्का कुणी मारला ते बरणीवरून कळावं. मग पहिला शिक्का बरणीवर नाही, तर स्वतःच्या डाव्या मनगटावर. आकडे सरळ आहेत का, शाई फुटते का, ते तिथे बघायचं. कागदावर का नाही बघत असं मी एकदा विचारलं. "कागद हरवतो. हात हरवत नाही," म्हणाल्या. कारखान्यात त्यांना सगळे तारीखबाई म्हणतात.

संध्याकाळी साडेपाचला त्या चपला काढतात तोवर मी स्वयंपाकघरातून ओरडते, "वन्सं, आज काय?" त्या आजची तारीख सांगतात आणि मनगट पुढे करतात. मी दोन्ही लिहून घेते. दुसऱ्या तारखेचा मला काडीचा उपयोग नाही. पण पान त्याशिवाय उघडं उघडं वाटतं.

वही कसली, तेही सांगते. संध्याकाळची प्रार्थना झाली की दिवसभरात काय चुकलं ते देवासाठी लिहून ठेवायचं, हा माझा नेम. मोठी पापं करायला मला सवड मिळत नाही, त्यामुळे वही बारीकसारीक गोष्टींनी भरलेली. 'प्रार्थनेत चार वेळा कुकरच्या शिट्ट्या मोजल्या.' 'शेजारणीच्या पडद्यांचं कौतुक केलं, मनातून नाही.' लिहिताना स्वतःच्या प्रामाणिकपणाने मला इतकं भरून यायचं की तोही एक दोष म्हणून लिहायला हवा होता. पण नेमकं तेव्हाच पान संपायचं.

तर यंदा कारखान्यात गुणवत्ता पर्यवेक्षकाची जागा निघाली. त्यासाठी परीक्षा. परीक्षेत एक विषय व्यवसायाचा कायदा. चोपन्नाव्या वर्षी वन्संनी जाड भिंगांचा नवीन चष्मा केला आणि पुस्तक घेऊन माझ्या ओट्याशेजारी स्टूल टाकलं. मी भाजी चिरत प्रश्न विचारायचे, त्या उत्तरं द्यायच्या. सगळ्यांत अवघड प्रकरण तिसरं: धंद्यातले गुन्हे, त्यांचे प्रकार आणि वर्गीकरण.

"चोरी आणि अपहार यात फरक काय?" मी विचारलं.

"बिस्किटांचा डबा घे," वन्सं म्हणाल्या. पुस्तकातली उदाहरणं त्यांना आवडत नसत, त्या घरातली काढायच्या. "तुझा नवरा येतो, तुझं लक्ष नसताना डब्यातलं बिस्किट उचलतो. ती चोरी. डबा त्याच्या ताब्यात कुणी दिलेला नाही."

"बरोबर."

"आता डबा तुझ्या ताब्यात. विश्वासाने दिलेला, पाहुण्यांसाठी. आणि दुपारी तू एकटी बसून त्यातली चार खातेस. हा अपहार. विश्वास होता म्हणून तो जास्त वाईट."

"मी कधी खाल्ली?"

"मी उदाहरण देते आहे, वहिनी. तुझे कान का लाल झाले?"

हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "ताई, मला फक्त चोरीत धर हं! माझं नाव अपहारात नको!"

असं ते प्रकरण आमच्या घरभर पसरलं. खोटं सांगून दुसऱ्याकडून काही काढून घेणं ही फसवणूक. आपलं काम करून घ्यायला अधिकाऱ्याच्या हातात काही सरकवणं ही लाच. कागद खोटा करणं किंवा दुसऱ्याच्या नावाने सही ठोकणं हा बनावट दस्तऐवज. मग माणसांचं वर्गीकरण: प्रत्यक्ष करणारा, चिथावणी देणारा, मदत करणारा, नंतर लपवणारा. एकटी कंपनीसुद्धा आरोपी होऊ शकते, हे ऐकून मला कंपनीची दयाच आली. तिला ना कान, ना लाल व्हायची सोय. मग गंभीर आणि किरकोळ. आणि सगळ्यांच्या मुळाशी हेतू. बहुतेक गुन्ह्यांत नुसती कृती पुरत नाही, मनात वाईट हेतू लागतो. "पण खराब खाणं विकलं तर हेतूही विचारत नाहीत," वन्सं बोट वर करून म्हणायच्या. "माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. तिथे आमच्यासारख्यांनी जपून राहायचं."

मला हे सगळं फार आवडलं. इतकी वर्षं मी आपली पापं एकाच ढिगात टाकत होते. आता वहीत मी समास आखला आणि कंसात वर्ग लिहायला लागले. 'दुधावरची साय स्वतः खाल्ली (अपहार, किरकोळ).' 'डोकं दुखतंय सांगून फोन ठेवला (फसवणूक, किरकोळ).' माझं सगळंच किरकोळमध्ये जात होतं. आपण मूळची सज्जन बाई आहोत असं मला आधीपासून वाटत होतं, आता त्याला कायद्याचा आधार मिळाला.

आणि मग एका सोमवारी वन्सं आल्या त्या चपला न काढता ओट्यापर्यंत.

कारखान्याचा मॅनेजर, ज्याला सगळे साखरसाहेब म्हणतात, त्याने दुपारी त्यांना गोदामात नेलं होतं. दुकानांतून परत आलेले साठ खोके जॅम, महिन्याभरापूर्वी मुदत संपलेले. साहेब म्हणाला, "बाई, जॅमला काय होतंय? स्पिरिटने जुना शिक्का पुसायचा, नवीन मारायचा. तुमच्या हाताला वळण आहे म्हणून तुम्हाला सांगतो."

"मग?" मी विचारलं.

"मी नाही म्हटलं."

इथे मी काय बोलले ते मला लिहायला आवडत नाही, पण त्याच दिवशी वहीत लिहून बसले असल्यामुळे आता लपवताही येत नाही. मी म्हटलं, "अहो वन्सं, वरून हुकूम आलाय तर मारून टाकायचा शिक्का. परीक्षा तोंडावर आली, साहेबाशी वाकडं कशाला? देव बघतोय ना, तुमचा हेतू वाईट नाही."

वन्संनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पान एक्केचाळीस," म्हणाल्या, "चिथावणी." आणि हात धुवायला गेल्या.

साखरसाहेबाने मनावर घेतलं नाही असं दाखवलं. उलट म्हणाला, बाई, परीक्षेला चारच दिवस राहिलेत, बुधवार-गुरुवार घरी बसून अभ्यास करा, माझी परवानगी समजा. वन्संना तोंडी रजा आवडत नाही, पण अभ्यास राहिला होता. त्या दोन दिवशी मी वहीच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं, 'मनगट कोरं. वन्सं घरी.' पान उघडं वाटत होतं, पण इलाज नव्हता.

गुरुवारी दुपारी त्या आतल्या खोलीत दार लावून मोठ्याने पाठांतर करत होत्या, तेव्हा कारखान्याचा शिपाई आला. हातात हजेरीपत्रक.

"बाईंची सही हवी होती. काल आणि आज, दोन रकाने."

"पण त्या रजेवर आहेत ना?"

"रजा तोंडी आहे हो वहिनी, कागदावर गैरहजर पडतील. साहेब म्हणाले, बाईंचं नुकसान नको, हजर दाखवून टाकू. लवकर करा, मला पुढे टपाल टाकायचं आहे."

आतून वन्संचा आवाज येत होता, "बनावट दस्तऐवज म्हणजे... बनावट दस्तऐवज म्हणजे..." त्या अडल्या होत्या. अशा वेळी मध्ये गेलं की त्या पहिल्यापासून सुरू करतात. मला दया आली. त्यातून गेला महिनाभर मी त्यांच्या टिपणांच्या नकला करून दिल्या होत्या. त्यांचं अक्षर माझ्या हातात बसलं होतं, विशेषतः सहीच्या शेवटची ती वर वळलेली शेपटी. शिपाईदादांनी पेन पुढे केलं. मी दोन्ही रकान्यांत सह्या केल्या. शेपटीसकट. शिपाई म्हणाला, "अगदी बाईंसारखी," आणि मला, देवाशपथ, आनंद झाला.

संध्याकाळी लिहिलं: 'वन्संचा अभ्यास मोडू नये म्हणून त्यांच्या नावाने सही केली. हेतू चांगला. (किरकोळ.)' वन्संना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही. पान एक्केचाळीसच्या पुढे कुठेतरी हे असणार असा मला संशय होता.

परीक्षा चांगली गेली. नंतर बारा दिवसांनी अन्न तपासणी खात्याने एका दुकानातून जॅमचे खोके उचलले. बरणी तिरकी धरली की नव्या तारखेखाली जुनी दिसत होती. नव्या तारखेच्या शेवटी सात.

वन्संना घरी बसवलं. साखरसाहेबाने लिहून दिलं की हे काम तारीखबाईंनी परस्पर केलं, बुधवारी आणि गुरुवारी. पुरावा काय? सातचा शिक्का आणि हजेरीपत्रकावरची त्यांची सही. एकतीस वर्षांत ज्या बाईने एक चाक चुकीचं फिरवलं नव्हतं, तिच्यावर फसवणूक, बनावट शिक्के आणि खराब अन्न विकणं, तिन्ही एकदम. चौकशी सोमवारी. नोकरी जाणार हे उघड होतं, पण वन्सं नोकरीबद्दल बोलतच नव्हत्या. "माझा आकडा," एवढंच म्हणायच्या. "माझा सात त्या घाणीवर."

शनिवारी सकाळी स्टुलावर बसून त्या पुटपुटत होत्या, "मी घरी होते. मग सही केली कुणी? वहिनी, एवढं सापडलं की सगळं सुटतं. ज्याने माझी सही उठवली, तो या सगळ्यात सामील. तो बनावट करणारा सापडला पाहिजे."

मी कांद्याऐवजी बोट कापलं.

"अगं, लक्ष कुठे आहे? रक्त बघ," म्हणत त्यांनीच माझं बोट नळाखाली धरलं, पट्टी बांधली. बनावट करणाऱ्याचं बोट. वर म्हणाल्या, "तू माझ्यासाठी किती काळजी करतेस."

ते दोन दिवस मी देवापुढे इतकं बसले की यांना वाटलं मी आजारी आहे. मी काय मागत होते? साखरसाहेबाला सद्बुद्धी दे. शिपायाला तोंड उघडू दे. अधिकाऱ्याला खरं काय ते स्वप्नात दिसू दे. म्हणजे माझ्याशिवाय कुणाकडूनही हे काम करून घे. देवाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी रविवारी मी वही उघडली, गुरुवारचं पान काढलं आणि 'किरकोळ' हा शब्द वाचला. माझ्याच अक्षरात. शेपटी नसलेल्या.

हे शेजारी येऊन उभे राहिले, पान वाचलं. मग म्हणाले, "ताईला सांगू का मी?"

"नको. मीच."

पण सांगितलं नाही. धीर झाला नाही. सोमवारी घरचं एक माणूस सोबत चालेल असं चौकशीच्या पत्रात होतं, म्हणून मी गेले, पिशवीत वही घालून, वर दोन सफरचंदं ठेवून. जणू कुणी पिशवी तपासणार होतं.

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल. एका टोकाला तपासणी अधिकारी बाई, बाजूला टंकलेखक, समोर साखरसाहेब, हसतमुख. वन्सं ताठ बसल्या होत्या, मनगट कोरं. अधिकारीबाईंनी हजेरीपत्रक त्यांच्यापुढे सरकवलं. "ही सही तुमची?"

वन्संनी चष्मा वर केला, खाली केला. "माझ्यासारखी आहे. माझी नाही."

"बाई," साखरसाहेब मऊपणे म्हणाला, "आता एवढं कशाला ताणता? चूक होते माणसाच्या हातून. मान्य करा, मी सांभाळून घेतो."

"सही माझी आहे," मी म्हटलं.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी का राहिले होते मला माहीत नाही. एक सफरचंद पिशवीतून निसटून टेबलाखाली घरंगळत गेलं आणि टंकलेखक ते शोधायला वाकला.

"तुम्ही कोण?"

"वहिनी. यांची. म्हणजे यांच्या भावाची बायको. सही मी केली. शेपटीसकट. इथे लिहिलं आहे."

अधिकारीबाईंनी वही घेतली. गुरुवारचं पान वाचलं, मग बुधवारचं, मग मागे मागे जायला लागल्या. "हे उजवीकडे काय?"

"जॅमची तारीख. वन्संच्या मनगटावरची."

त्यांनी कारखान्याचं शिक्क्यांचं रजिस्टर मागवलं आणि ताडून पाहिलं. पाच महिन्यांचं प्रत्येक पान जुळलं. त्या बुधवार-गुरुवारी मात्र वहीत 'मनगट कोरं'. "दोन दिवसांसाठी कुणी पाच महिन्यांची वही रचत नाही," त्या म्हणाल्या. तारखा जुळवताना मधला मजकूर वाचणं भागच होतं, आणि त्या वाचत होत्या मोठ्याने, कारण टंकलेखकाला नोंद करायची होती. "'साय स्वतः खाल्ली, अपहार, किरकोळ.' हे नको. पुढचं. 'शेजारणीचे पडदे...' हेही नको. सोमवार. 'वन्संना म्हटलं, हुकूम आलाय तर मारून टाका शिक्का.'" इथे थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे घ्या. यात साहेबांनी काय सांगितलं होतं तेही आहे."

साखरसाहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, पण आता त्याच्या आत कुणी नव्हतं.

मग मला कोऱ्या कागदावर ती सही पाच वेळा करायला सांगितली. सांगायला लाज वाटते, पण पाचवी पहिलीपेक्षा सुंदर आली. शिपायाला बोलावलं. तो बिचारा आधीच घामाघूम. "साहेब म्हणाले होते, बाई नसल्या तर घरच्या कुणाचीही घे." सातचं यंत्र दोन दिवस कोणाच्या खोलीत होतं, तेही त्यानेच सांगितलं.

अधिकारीबाई माझ्याकडे वळल्या. "दुसऱ्याच्या नावाने सही करणं किरकोळ नसतं, माहीत आहे?"

मी तोंड उघडलं, पण वन्संच आधी बोलल्या. समोर बघत, परीक्षेत उत्तर द्यावं तशा. "कृती आहे. हेतू नाही. फसवण्याचा नाही, फायद्याचा नाही. तिथे हेतूच काय, अक्कलसुद्धा नव्हती. तशी नोंद घ्यावी."

टंकलेखकाने विचारलं, "अक्कल लिहू का?"

"लिहा," वन्सं म्हणाल्या.

साखरसाहेबाचं प्रकरण पुढे कोर्टात गेलं. कंपनीवरही खटला आहे. मला लेखी ताकीद मिळाली, ती मी वहीतच चिकटवली आहे. वन्संना त्याच आठवड्यात कामावर बोलावलं. पण माझ्याशी त्या चार दिवस धड बोलल्या नाहीत. तारीख विचारली तर म्हणायच्या, "भिंतीवर बघ." भिंतीवर घड्याळ आहे. मी पानं बिनतारखेची लिहिली. पहिल्या दिवशी 'किरकोळ'वर काट मारली, आणि पुढे काय लिहावं ते न सुचून तशीच सोडली.

पाचव्या दिवशी साडेपाचला दार वाजलं, चपला निघाल्या. मी कणीक मळत होते, विचारलं नाही. ओट्यापाशी येऊन त्यांनी नुसतं मनगट माझ्या नाकासमोर धरलं. निळे आकडे, शेवटी सात.

"लिही," म्हणाल्या. "आणि पीठ लावू नकोस त्याला."

परवा परीक्षेचा निकाल आला. टपालवाला दारात, हातात लांब पाकीट, जाड कागदाचं. वन्सं नुकत्याच अंघोळीला गेलेल्या.

"सही करा ताई, नोंदणीचं आहे," त्याने पेन पुढे केलं.

"कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्याच घरच्या बाईंच्या. करा, कोण बघतंय?"

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, बिस्किटं दिली. पाहुण्यांसाठी होती तीच, उरली होती तेवढी. तो सारखा घड्याळ बघत होता. वन्संना अंघोळीला पंचवीस मिनिटं लागतात, आणि आत त्या गुन्ह्यांचं वर्गीकरण म्हणत होत्या. परीक्षा झाली तरी सवय गेली नव्हती.